चोर कोण नाही?

दिवाळीच्या अंकात खुनाचा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडू नये. दारात पणत्या, ताटलीत चकली, आणि हातातल्या पानांत मात्र बंद खोली, तुटलेले कुलूप नि रक्ताचा डाग, हा मेळ आम्ही जमवलेला नाही. तो घरोघर आपसूक जमतो. अभ्यंगस्नान आटोपले आहे, पहिला फराळ पोटात गेला आहे, पाहुणे यायला अजून अवकाश आहे, अशी जी तास-दोन तासांची सुखाची पोकळी दिवाळीत सापडते तिच्यात माणूस काय वाचतो? विचारप्रवर्तक लेख तो 'सावकाश वाचू' म्हणून बाजूला ठेवतो आणि रहस्यकथा कितव्या पानावर आहे ते अनुक्रमणिकेत शोधतो. काही जण आधी राशिभविष्य पाहतात हे खरे. पण पुढे काय होणार, हाच तर दोन्हीकडचा सवाल! फरक इतकाच की, रहस्यकथेतले उत्तर शेवटच्या पानावर हमखास मिळते.

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एका छापील पदार्थाची भर पडली. पुढे 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या अंकांनी रहस्य नि गूढ हेच आपले मुख्य पक्वान्न केले. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी तर कित्येक घरांत नातेवाइकांसारखी वावरली. फक्त वडील माणसे जवळ आली की त्यांना उशीखाली लपावे लागे, एवढेच.

ही आवड आपल्यापुरतीच आहे असेही नाही. बंगाली माणसाला दुर्गापूजेच्या विशेषांकाचे वेड असते. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या किती तरी कादंबऱ्या 'देश' साप्ताहिकाच्या पूजा अंकांतून प्रथम वाचकांच्या हाती आल्या. नॉर्वे देशात तर ईस्टरच्या सुट्टीत गुन्ह्यांच्या कथा वाचणे हा जवळजवळ कुळाचार आहे. त्याची सुरुवात मोठी गमतीची. १९२३ च्या मार्च महिन्यात तिथल्या 'आफ्तेनपोस्टेन' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरे झळकली : बर्गनची गाडी रात्री लुटली! ज्यांचे कुणी त्या गाडीने जायचे होते त्यांच्या छातीत धस्स झाले. मग बारीक अक्षरांकडे लक्ष गेले. ती बातमी नव्हतीच. नूर्दाल ग्रीग आणि निल्स ली या दोन तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीची जाहिरात होती. तेव्हापासून ईस्टर आणि रहस्यकथा यांची तिथे जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. डोंगरातल्या लाकडी घरांत सुट्टीला जाताना लोक संत्री, चॉकलेट आणि रहस्यकथा बरोबर घेतात. दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छोट्या चित्रमय रहस्यकथा छापल्या जातात म्हटल्यावर आणखी काय सांगावे!

पण या सणासुदीच्या खुनाचे खरे माहेर म्हणजे इंग्लंड, आणि सण म्हणजे नाताळ. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे नवे पुस्तक नाताळच्या बेताने बाजारात यायचे आणि ते भेट म्हणून घरोघर जायचे, असा तिथे अनेक वर्षांचा परिपाठ होता. जे. जेफरसन फार्जन या लेखकाची 'मिस्टरी इन व्हाइट' ही १९३७ सालची कादंबरी पुढे लोक विसरून गेले होते. नाताळच्या आदल्या दिवशी बर्फात गाडी अडकते, काही प्रवासी उतरून जवळच्या एका घराचा आसरा घेतात. पाहतात तो शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला, आणि घरात चिटपाखरू नाही! २०१४ साली ब्रिटिश लायब्ररीने हे पुस्तक पुन्हा छापले आणि त्या नाताळात ते एखाद्या नव्या पुस्तकासारखे धडाक्याने खपले. फार्जन १९५५ सालीच वारला होता. लेखक गेला तरी त्याचा बर्फ वितळला नाही म्हणायचा!

आनंदाच्या दिवसांत माणसाला खून का वाचावासा वाटतो? थंडी, लांबलचक रात्र, शेकोटी ही कारणे आहेतच. पण मुख्य कारण ख्रिस्तीबाईंनी आपल्या पॉयरोच्या तोंडून सांगितले आहे. १९३८ च्या डिसेंबरात निघालेल्या 'हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस' या कादंबरीत एक अधिकारी म्हणतो, नाताळात कोण कशाला गुन्हा करील? त्यावर पॉयरोचे म्हणणे असे की, एरवी एकमेकांपासून दूर राहणारी नात्याची माणसे या दिवसांत एका छपराखाली येतात. मनात नसताना गोड बोलतात, गोड हसतात. आणि त्या गोडव्याचा ताण कुठे तरी तुटतोच. या कादंबरीतला म्हातारा सिमियन ली हिऱ्यांच्या धंद्यात गब्बर झालेला आहे. नाताळसाठी तो सगळ्या मुलांना घरी बोलावतो, ते प्रेमाने नव्हे, तर त्यांना एकमेकांशी झुंजवून गंमत पाहावी म्हणून. पुढे काय होते ते आम्ही सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्या माणसाला लाडू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे खून पडत नाहीत ही देवाची कृपा. पण चार भाऊ, तीन जावा, एक आत्या आणि वडिलोपार्जित घराचा न सुटलेला प्रश्न एका पंगतीला बसले की, "अगं, आणखी एक करंजी घे ना" या वाक्याला किती पदर सुटू शकतात, हे वाचकांना सांगायला नको. रहस्यकथा त्या पदरांना हात घालते. सगळे गोड बोलत असतात तेव्हा खरे कोण बोलते आहे, हा तिचा प्रश्न असतो. आणि तो प्रश्न सणाच्या दिवशीच जास्त खुमासदार वाटतो.

इथवर झाली करमणूक. या जुन्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि आजच्या या सदराचा खरा विषय तोच आहे. आपण समजतो, रहस्यकथा म्हणजे 'चोर कोण?' या प्रश्नाचे उत्तर. पण तिचा पुष्कळसा जीव 'चोर कोण नाही?' या दुसऱ्याच प्रश्नात गुंतलेला असतो.

शेरलॉक होम्सची नाताळातली गोष्ट घ्या. 'द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द ब्ल्यू कार्बंकल' ही कथा १८९२ च्या जानेवारीत 'स्ट्रँड' मासिकात आली. एक जुनी हॅट आणि नाताळच्या जेवणासाठी घेतलेला एक पाळीव हंस रस्त्यात बेवारशी सापडतो. हंस कापला तर त्याच्या घशातल्या पिशवीत एक निळे रत्न! हे रत्न एका उमराव बाईचे, आणि त्या चोरीबद्दल जॉन हॉर्नर नावाचा प्लंबर आधीच गजांआड गेलेला असतो. का? तर तो त्या बाईच्या खोलीत शेकोटीची सैल सळई झाळायला गेला होता, आणि पूर्वी एकदा त्याला चोरीबद्दल शिक्षा झाली होती. त्याच्याजवळ रत्न सापडले नाही. पण गरीब माणूस, खोलीत गेलेला, मागचा डाग लागलेला. पोलिसांना आणखी काय हवे? वाचक होम्सच्या मागोमाग हसत हसत लंडनभर हिंडतो. हॅटवरून मालकाची ओळख पटवण्याची करामत, हंस विकणाऱ्याशी लावलेली पैज, सगळे मोठे मजेदार आहे. पण या धावपळीच्या टोकाला कोठडीत बसलेला एक मनुष्य आहे. होम्सने हंसाचा माग सोडला असता तर हॉर्नरचा नाताळच काय, पुढची कित्येक वर्षे तुरुंगात गेली असती. आणि खरा चोर हाती लागल्यावर होम्स जो निवाडा देतो तो कुठल्याही पोलीस कचेरीत बसणारा नाही. तो सणाला शोभणारा आहे.

याच्याही मागे जा. विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही कादंबरी १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. हिरा आपल्या देशातलाच. सोमनाथाच्या देवळातल्या चंद्राच्या मूर्तीवरचा, आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला, असे लेखकाने कल्पिले आहे. तो वाढदिवसाची भेट म्हणून रेचल नावाच्या मुलीला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घर पाहुण्यांनी भरलेले. गावचा पोलीस अधिकारी येतो तो थेट नोकरांवर घसरतो आणि साऱ्यांची मने दुखावून बसतो. त्या नोकरांत रोझॅना स्पिअरमन ही मोलकरीण आहे. पूर्वी तिने चोरी केलेली, सुधारगृहात राहून आलेली. झाले! तिच्याकडे बोट जायला कितीसा वेळ लागणार?

मग लंडनहून सार्जंट कफ येतो. गुलाबाच्या बागेवर जीव टाकणारा, हाडकुळा, शांत माणूस. दारावरच्या ओल्या रंगाला कुणाचे तरी वस्त्र घासले आहे, एवढा त्याला धागा मिळतो. ते वस्त्र शोधायचे तर कपाटे पाहायला हवीत. कफ म्हणतो, पाहायचीच तर सगळ्यांची पाहू. घरच्या मालकिणीपासून खालपर्यंत. म्हणजे नोकरांना अपमान वाटणार नाही. मालकीण कबूल होते, पाहुणे कबूल होतात. नकार देते ती एकटी रेचल, जिचा हिरा चोरीला गेला तीच! इथून कादंबरी जे वळण घेते ते वाचकाने स्वतः पाहावे. कफसारख्या हुशार माणसाचाही तर्क कुठे घसरतो, आणि संशयाच्या छायेत रोझॅनाचे काय होते, हे वाचून डोळे कोरडे राहणे कठीण. आम्हांला मात्र ती कपाटांची गोष्ट विसरवत नाही. झडती घ्यायची तर सर्वांची, हा नियम त्या एकशे पन्नास वर्षांहून जुन्या पुस्तकात एका पोलिसाने सांगून ठेवला आहे.

१९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी वीस नियम छापले. त्यांत एक असा की, नोकरचाकरांपैकी कुणाला गुन्हेगार ठरवू नये. ते उत्तर फार सोपे झाले. आता यात थोडी तोऱ्याची झाकही आहे, कारण गुन्हेगार कसा, वाचकाच्या तोलामोलाचा हवा, असे त्याचे म्हणणे. आणि तसे पाहिले तर या जुन्या लेखकांना नोकरवर्गाबद्दल फार कळवळा होता असेही नाही. अनेक कादंबऱ्यांतली मोलकरीण म्हणजे भित्री, बडबडी आणि मंदबुद्धी असा ठरलेला साचा असतो. पण गंमत पाहा. लेखकाचे मन कितीही कोते असो, रहस्यकथेची बांधणीच अशी की, ती लेखकाला न्यायाने वागायला लावते. घरमालक असो, त्याचा वकील असो, की चहा आणून देणारी पोर असो, सर्वांना एकच प्रश्न : त्या वेळी तुम्ही कुठे होता? आणि जे उत्तर सर्वांत आधी सुचते ते बहुधा चुकीचे, हे वाचकाला चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर पाठ होते.

पुस्तकात पाठ होते. घरात होते का?

आपलेच घर पाहा. दिवाळीच्या आधी ते उलटेपालटे होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालचे वर जातात. बँकेतल्या कप्प्यातले दागिने घरी येतात; लक्ष्मीपूजनाला ताटात, भाऊबीजेला अंगावर. या गडबडीत कधी अंगठी, कधी चांदीची वाटी दिसेनाशी होते. मग तपास सुरू होतो. "कुणी पाहिली का रे?" हा तपास पाच मिनिटे चालतो. सहाव्या मिनिटाला कुणी तरी आवाज खाली आणून विचारते, "मावशी आज आतल्या खोलीत गेल्या होत्या का?"

पाचव्या मिनिटापर्यंत त्या खरोखरच मावशी असतात. वर्षानुवर्षे भांडी घासणाऱ्या, घरातल्या मुलांना न्हाऊ घातलेल्या. सहाव्या मिनिटाला त्या हॉर्नर होतात. कुणी त्यांना उघड काही बोलत नाही. आपण सुशिक्षित माणसे. फक्त कपाटाला किल्ली लागते, फरशी पुसताना कुणी तरी उगीच त्या खोलीत येऊन बसते, आणि संभाषण मधेच थांबते. त्यांना कळायचे ते सारे कळते. भाऊबीजेनंतर चिवडा तळाला लागतो आणि डब्याच्या बुडाशी वाटी सापडते. चिवडा काढायला घेतली आणि तिथेच राहिली. सगळे घर पोट धरून हसते. किस्सा पुढल्या दिवाळीपर्यंत पुरतो. पण मावशींवरचा आरोप कुणी तोंडाने केलेला नसतो, त्यामुळे तो मागे घ्यायलाही कुणी जात नाही.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची १९५८ सालची 'ऑर्डील बाय इनोसन्स' ही कादंबरी नेमकी या न फिटलेल्या संशयाची आहे. तिच्यात पॉयरो नाही, मिस मार्पल नाही. आईच्या खुनाबद्दल घरातल्या एका वाया गेलेल्या मुलाला जन्मठेप झालेली असते आणि तो तुरुंगातच मेलेला असतो. जगाच्या दृष्टीने प्रकरण मिटले. दोन वर्षांनी दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून परतलेला एक शास्त्रज्ञ दार ठोठावतो आणि सांगतो, त्या वेळी तो मुलगा माझ्या गाडीत होता. तो निर्दोष होता. त्याला वाटते, घरच्यांना आनंद होईल. पण सगळ्यांचे चेहरे उतरतात. तो नसेल तर मग कोण? म्हणजे आपल्यापैकीच कुणी तरी! नवरा-बायको, बहीण-भाऊ एकमेकांकडे चोरून पाहू लागतात. गुन्हेगार एक असतो, पण जोवर तो कळत नाही तोवर सगळे निरपराध शिक्षा भोगतात. सोयीचा माणूस दोषी ठरला की घराला किती बरे वाटते, आणि ते बरे वाटणे किती महाग पडते, हे या कादंबरीइतके स्पष्ट आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही.

कुणी म्हणेल, सुट्टीत वाचायच्या पुस्तकावर एवढे ओझे कशाला? ओझे मुळीच नको. रहस्यकथा मजेसाठीच वाचावी. पण मजा म्हणजे तरी काय? जे आपल्याला पक्के ठाऊक होते ते खोटे होते, असे शेवटच्या पानावर कळते तेव्हाच ना आपण मांडीवर थाप मारतो? चुकल्याचा आनंद देणारे वाङ्मय जगात फार थोडे आहे. तो आनंद पुस्तक मिटल्यावरही थोडासा अंगात राहिला तर बिघडले कुठे?

तेव्हा या दिवाळीसाठी एक खेळ सुचवतो. घरातल्या सर्वांनी मिळून एक जुनी रहस्यकथा निवडावी. लहान मुले असतील तर होम्सची ती हंसाची गोष्ट. एका बैठकीत संपते आणि तिच्यात खून नाही. जरा मोठ्यांसाठी फेलूदाची 'जय बाबा फेलूनाथ'. दुर्गापूजेतली काशी, आणि एका जुन्या घराण्यातली नाहीशी झालेली गणपतीची मूर्ती. सर्वांना सवड असेल तर पॉयरोचा नाताळ. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. ज्याने आधी वाचली असेल त्याने चहा करावा आणि चेहरा कोरा ठेवावा. शेवटच्या प्रकरणाआधी थांबावे. प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहाव्यात. एकीवर गुन्हेगार कोण ते, आणि दुसरीवर निरपराध कोण आणि कशावरून ते. पहिल्या चिठ्ठीला एक गुण, दुसरीला दोन.

पहिली चिठ्ठी भराभर लिहून होईल. दुसरीशी लेखण्या अडतील. संशय घ्यायला नुसता चेहरा पुरतो. संशय उठवायला पुरावा लागतो, आठवण लागते, त्या माणसाकडे नीट पाहिलेले असावे लागते. दुसरी चिठ्ठी ज्यांना नीट लिहिता येईल अशी माणसे घरात जितकी जास्त, तितके ते घर राहायला बरे. तिथल्या माणसांना, आणि तिथे कामाला येणाऱ्यांनाही.

आणि हो, वाटी हरवलीच, तर आधी चिवड्याचा डबा पाहावा. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा!